पाय टेकल्याशिवाय

उकंडराव गेले त्या दिवशी आमच्या गावात जो तो एकच बोलला, की आता माणसाला मनासारखी झोप मिळाली. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उकंडरावांची झोप ही गावची जुनी ठेव होती, आल्या पाहुण्याला कौतुकानं सांगावी अशी. पण मला त्या बोलण्याचा राग आला. या वयात राग शोभत नाही हे मला कळतं, तरी आला. कारण त्या झोपेबद्दल एक खोटी गोष्ट गावात जवळजवळ चाळीस वर्षं फिरत होती. "उकंड्यासारखा उठून निजू नको," असं आमच्याकडच्या बाया पोरांना म्हणायच्या. ती गोष्ट पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली, तो मी, शालिग्राम.

आमचं गाव बीबी आणि दुसरबीडच्या मध्ये, सडकेपासून थोडं आत आहे. आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. उकंड्याचं घर आणि माझं घर यांच्यात एक काट्यांचं कुंपण, आणि मळ्यात आम्हा दोघांची मिळून एक विहीर. पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत मोटेची पाळी त्यांची, पुढं आमची. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो पुढं उकंडराव झाला, त्याच्या फेट्याला लोक रामराम घालू लागले, पण मी त्याला उकंड्याच म्हणत आलो आणि इथंही म्हणणार.

त्याचं नाव उकंडा का, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. त्याच्या आईला, तानाकाकूला, पहिली मुलगी झाली, गोजर. तिच्या पाठीवर तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. तिघंही झोपेतच गेली, असं काकू सांगायची. रात्री पाजून निजवलं आणि सकाळी अंग गार. चौथा हा झाला तेव्हा सहाव्या दिवशी त्याला उकिरड्यावर लोळवला आणि नाव उकंडा ठेवलं, म्हणजे दैवाला वाटावं की हे टाकाऊ आहे, याला न्यायला नको. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण ज्या म्हातारीनं त्याला लोळवलं तिनं काकूला आणखी एक बंधन घातलं. हे लेकरू झोपलेलं असताना आईनं त्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. झोपेतून त्यानं आपलं आपण परत यावं.

काकूनं ते बंधन जन्मभर पाळलं. नवरा गेला तेव्हा उकंड्या नऊ वर्षांचा होता. बापाला उचलून नेलं तरी पोरगं आत झोपलेलंच होतं, कारण त्याला उठवायचं कुणी? शेवटी गोजरनं उठवलं. बंधन आईला होतं, बहिणीला नव्हतं.

आता झोपेचं असं आहे, की ती नुसती डोळ्यांत नसते, ती माणसाच्या दिवसभराच्या चालीत असते. उकंड्याची सगळी चालच तशी पडत गेली. दुपारी भाकरी खाल्ली की चिंचेखाली पालथा पडायचा तो बैल पाण्यासाठी हंबरेपर्यंत. दुपारी झोपला म्हणजे रात्री डोळ्याला डोळा कसा लागणार? मग फाट्यावरच्या हॉटेलात दोन कप चहा, तिथला रेडिओ, सोमवारी आणि गुरुवारी भजन. भजनात टाळ धरायला त्याच्यासारखा कुणी नव्हता. घरी येऊन बाज टाकायचा ती मधल्या खोलीत, जिथं खिडकी म्हणून नाही, आणि डोक्यावरून गोधडी. त्या खोलीत उजाडलेलं कोंबड्यालाही कळलं नसतं. मी त्याला कितीदा म्हटलं, बाज अंगणात टाक, दुपारचं लवंडणं सोड. तो हसायचा. म्हणायचा, "उद्यापासून पाह्य." आमच्याकडं हा उद्या कधी उगवत नाही.

आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो झोपेत उत्तर द्यायचा. नीट, स्वच्छ आवाजात. "उकंड्या, ऊठ बे," म्हटलं की आतून यायचं, "हाव, उठलो." ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस बसून फेटा गुंडाळतोय. आत जाऊन पाहिलं तर गोधडी जिथल्या तिथं. त्याला स्वतःला त्यातलं काही आठवायचं नाही. तो खोटारडा नव्हता. त्याचं तोंड जागं व्हायचं, तो व्हायचा नाही.

गोजरअक्काकडं याला एक औषध होतं. ती आत जायची, त्याच्या दोन्ही पायांचे घोटे धरायची आणि पाय बाजेवरून खाली ओढून जमिनीला टेकवायची. शेणानं सारवलेली गार जमीन तळव्याला लागली की उकंड्या जागा. पण खरं सांगायचं तर ती हे फारसं करायची नाही. बहुतेक दिवशी ती त्याला झोपू द्यायची आणि त्याचं काम स्वतः करायची. चांदणी असताना मळ्यात येऊन वांगी तोडायची, मोट मी हाकायचो आणि वाफ्या-वाफ्यात पाणी वळवायला दारं ती धरायची. "झोपू दे त्याले," म्हणायची. "एवढ्या मरणातून राह्यलेलं एकच आहे." सगळ्या गावानं त्याला आळशी म्हणावं आणि या दोघी मायलेकींनी त्याच्या झोपेची राखण करावी, असं ते घर होतं.

गोजरअक्काचं लग्न झालं ते पार सोनाळ्याला. आमच्या गावापासून सोनाळा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाठवणीच्या गाडीत बसायच्या आधी ती कुंपणापाशी आली. तोंड रडून सुजलेलं. मला म्हणाली, "शालिग्राम, माय त्याले उठवनार नाही. आता तूच उठवत जाय. पन एक ध्यानात ठेव. त्याच्या हावावर जाऊ नको. त्याचे दोन्ही पाय जमिनीले टेकलेले दिसल्याशिवाय तू तिथून हालू नको."

मी हो म्हणालो. पाच वर्षं मी ते पाळलंही. माझ्या भल्यासाठीच पाळलं म्हणा, कारण तो उशिरा उठला की त्याची मोट लांबायची आणि माझी पाळी उन्हात जायची. रोज पहाटे मी त्या अंधाऱ्या खोलीत जायचो, घोटे धरायचो, पाय खाली टेकवायचो. लोक देवाच्या पायांवर डोकं ठेवून दिवस सुरू करतात, मी उकंड्याच्या पायांनी करायचो. याचा मला किती कंटाळा आला होता ते मी कुणाला सांगितलं नाही.

महाराष्ट्र झाल्याला तीन वर्षं झाली होती. त्या साली जेठ महिन्यात सोनाळ्याहून पत्र आलं. गोजरअक्काला लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस गेले होते. पत्र शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. द्वादशीला सातव्या महिन्याची ओटी भरतो, तेरसीला मुराळी पाठवा, चौदसीला लेक घेऊन जा. त्यानंतरचा दिवस अमावस्येचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आखाड, म्हणजे अक्काला आठवा लागणार. आठव्यात गर्भार बाईला कुणी हलवत नाही. म्हणजे दिवस मोजून एकच होता.

तानाकाकूनं मनाशी सगळं ठरवलं होतं. आपली तीन लेकरं गेली, लेकीचं जाऊ द्यायचं नाही. नववा लागला की बैलगाडी जुंपायची आणि तिला मेहकरला सरकारी दवाखान्याजवळ नेऊन ठेवायचं. त्यासाठी तिनं एक बकरी वेगळी बांधली होती, दुधाला. उकंड्यालाही तेवढंच वाटत होतं. बहिणीला आणायला भावानं जायचं, त्यानं नवं धोतर घेतलं, आठ दिवस मला दाखवत होता.

तेव्हा बीबीला रात्री मुक्कामाला एक एसटी असायची. ती पहाटे पाचाला मेहकरकडे सुटायची आणि पुढं खामगावची गाडी गाठून द्यायची. तिनं गेलं तर सांज होता होता सोनाळा. ती चुकली तर दुपारची होती, पण मग रात्र खामगावच्या स्टँडवर आणि सोनाळ्याला पोचायचं दुसऱ्या दिवशी दुपारी. बीबीपर्यंत आमच्या गावाहून पायी तासभर. म्हणजे उकंड्याला तीन-साडेतीनला उठणं भाग होतं.

आदल्या सांजेला त्यानं मला कुंपणावरून सांगितलं, "शालिग्राम, उद्या जरा लवकर येजो बे. पाय धरून ओढ, पानी टाक, काही कर."

"तू आज फाट्यावर जाऊ नको," मी म्हणालो.

"आज कायले जातो," तो म्हणाला. आणि गेला. गुरुवार होता, भजन होतं. उद्या बहिणीला आणायला जायचं म्हणून त्याला आनंद झाला होता, आणि आनंद झाला की तो टाळ आणखी जोरात वाजवायचा.

मलाही त्या पहाटे दुसरबीडला जायचं होतं. सडकेवर जालन्याकडे जाणारा एक ट्रक उजाडताच थांबायचा आणि भाजी भरून घ्यायचा. पंधरा दिवसांपूर्वी उकंड्याला उठवता उठवता मला उशीर झाला होता, ट्रक निघून गेला होता आणि मेथीच्या जुड्या पिवळ्या पडून उकिरड्यावर टाकाव्या लागल्या होत्या. तो राग माझ्या पोटात होता. गाडीत वांगी आणि मेथी भरून मी निघालो. उकंड्याच्या दारासमोर गाडी थांबवली. घराच्या मागच्या छपरात चूल पेटलेली दिसत होती. काकू दशम्या करत असणार, गुळाच्या, वाटेत खायला आणि लेकीला द्यायला.

मी गाडीवरूनच हाक मारली. "उकंड्या, ऊठ बे. तीन वाजून गेले."

आतून आवाज आला, "हाव, उठलो."

त्या दिवशी बैल उभे राहत नव्हते, असं मी पुढं माझ्या मनाला बऱ्याचदा सांगितलं. बैल गरीब होते. कासरा सोडून मी तासभर बसलो असतो तरी ते हलले नसते. खरं असं, की मला उतरायचा कंटाळा आला. ट्रक डोळ्यांपुढं होता. मनात आलं, आज तर याची सख्खी बहीण आणायची आहे, आज तरी हा आपल्या पायांनी उठेल. आणि असंही आलं, ते लपवत नाही, की मी काय याचा जन्माचा कोंबडा आहे? मी पुन्हा हाक मारली. पुन्हा आलं, "हाव, उठलो ना बे." त्या 'ना बे'नं मला बरं वाटलं. मी बैलांना टिचकारी दिली आणि दुसरबीडच्या वाटेला लागलो. त्या दिवशी माल ट्रकवर चढला, चांगला गेला.

पुढं काय झालं ते काकूनं मला सांगितलं. तिनं मागच्या छपरातून माझी हाक ऐकली, त्याचं उत्तर ऐकलं. दशम्या फडक्यात बांधून ती मधल्या खोलीत आली तर तो निजलेला. तिला वाटलं, आता उठेल. ती शिदोरी मांडीवर घेऊन बाजेपाशी बसली. "दोनदा हात पुढं केला रे," ती म्हणाली. "दोनदा मांगं घेतला. मले त्या तिघांचे तोंडं दिसले." गाडी सुटायची वेळ तिला कळत होती. शुक्र वर आला, तांबडं फुटलं, शेजारी दळणाची जाती थांबली. ती बसून राहिली आणि तिचा एकुलता एक मुलगा गाढ झोपून राहिला. एका लेकराच्या जिवासाठी दुसऱ्याच्या जिवाला धक्का लागतो आहे हे तिला समजलं नाही असं नाही. पण अठरा वर्षं पाळलेलं बंधन एका पहाटेत मोडवत नाही.

तो उठला तेव्हा ऊन ओसरीत आलं होतं. नवं धोतर अंगावर गुंडाळत तो बीबीपर्यंत पळत गेला, असं लोक सांगतात. दुपारच्या गाडीनं निघाला, रात्र खामगावला बसून काढली आणि चौदसीला दुपारी सोनाळ्याला पोचला. तिथली एकच गाडी सकाळी सुटून गेलेली. अक्का तिची पिशवी भरून आदल्या सांजेपासून ओसरीत बसलेली होती. तिची सासू काही दुष्ट बाई नव्हती. तिनं त्याला पाणी दिलं, जेवू घातलं आणि म्हणाली, "उद्या अमावस. परवा आखाड लागते. आठव्यात मी सून हालवत नाही, बापू. एक दिवस आंधी आला असता तं मी आपल्या हातानं गाडीत बसवली असती."

तो एकटाच परत आला. दशम्यांचं गाठोडं तसंच हातात होतं.

श्रावणाच्या शेवटी सोनाळ्यात बाळंतपण झालं. बाळ आडवं होतं. गावातल्या सुइणीला जमेना, दवाखान्याला न्यावं तर मधल्या नाल्याला पूर. दोन दिवसांनी मुलगा झाला तो मेलेलाच. अक्का वाचली. पुढं तिला मूल झालं नाही.

पत्र आलं तेव्हा मी काकूला घेऊन सोनाळ्याला गेलो. उकंड्या आला नाही. त्याला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. अक्का भिंतीला टेकून बसली होती. काकू पाय धुवायला बाहेर गेली तेवढ्यात ती मला म्हणाली, "शालिग्राम, एकच सांग. त्याचे पाय टेकले होते का रे?"

ती माझ्याकडं एकटक पाहत होती. तिनं पाच वर्षांपूर्वी कुंपणापाशी काय सांगितलं होतं ते तिलाही आठवत होतं आणि मलाही. मी म्हणालो, "हाव, अक्का. टेकले होते. मी माह्या डोळ्यानं पाह्यले."

तिनं मांडीवरचं लुगडं सारखं केलं. मग म्हणाली, "म्हंजे उठून निजला."

काकू येते का म्हणून मी दाराकडं पाहिलं.

"झोपेतच राह्यला असता तं मी त्याले काही म्हनलं नसतं," ती म्हणाली. "उकिरड्यावरून आनलेलं लेकरू हाय ते. पन उठून, माही आठवन करून, परत निजला." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

एका वाक्याचं काम होतं. 'नाही अक्का, मी गाडीवरून उतरलोच नाही.' ते मला बोलता आलं नाही. परतीच्या गाडीत काकू शेजारी बसून रडत होती, तेव्हाही बोलता आलं नाही. मनात म्हटलं, घरी गेल्यावर पाहू. घरी लोकांनी विचारलं, तेव्हा अक्काला सांगितलं तेच तोंडातून गेलं. मी उकंड्याला हसायचो त्याच्या उद्यावरून.

अक्कानं त्यानंतर माहेरी यायचं सोडलं. भांडली नाही, कुणाला वाईट बोलली नाही, फक्त आली नाही. उकंड्या दर दिवाळीला तिला आणायला जायचा. आणि पाहा, वर्षातून त्या एका दिवशी त्यानं कधी गाडी चुकवली नाही. आदल्या सांजेलाच तो बीबीच्या स्टँडवर जाऊन बसायचा, रात्रभर बाकड्यावर जागा, आणि पहाटे गाडीत पहिला चढायचा. अक्का त्याला जेवू घालायची, भाऊबीजेला ओवाळायची, आईची खुशाली विचारायची. "चल ना, अक्का," तो म्हणायचा. ती म्हणायची, "पुढल्या साली पाहू." तो एकटा परत यायचा. असं सात दिवाळ्या झालं.

बाकी वर्षभर तो होता तसाच झोपायचा. लोकांना वाटतं, एवढा फटका बसल्यावर माणूस सुधारतो. तसं कीर्तनात होतं. उकंड्याची चिंच, चहा, भजन, बिनखिडकीची खोली, यातलं काही सुटलं नाही. उलट मला वाटतं त्याला आता जागं राहणंच नकोसं झालं होतं. लग्न झालं, पुष्पाबाई घरात आली, तीही बिचारी हाका मारून थकली.

एकदा मोटेच्या धावेवर, बैल ये-जा करतात त्या उतारावर, आम्ही दोघं बसलो असताना तो म्हणाला, "शालिग्राम, तू पाह्यलं होतं ना बे, मी उठलो होतो म्हनून?"

मी मोटेच्या दोराची, नाड्याची गाठ आवळत होतो. "काऊन?" मी विचारलं.

"मले काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "लय जोर लावून पाह्यतो. पाय टेकलेले आठवत नाहीत, परत आडवा झालेला आठवत नाही. पन अक्का म्हनते तं असंन. मले आपलं वाटे, मी झोपाळू हाव, पन वाईट नाही. तं मी वाईटच हाव म्हना."

गाठ घट्ट बसली होती तरी मी आवळत राहिलो. आमच्याकडं एक म्हण आहे, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही. लोक ती त्याला लावायचे. ती खरी कुणाला लागायची ते मला माहीत होतं.

तानाकाकू सत्तर साली पौषात गेली. शेवटचे दोन महिने तिनं आपली बाज दाराकडं तोंड करून टाकायला लावली होती. सोनाळ्याला तार केली, अक्का निघालीही, पण ती पोचली तेव्हा काकूला नेऊन झालं होतं. सात वर्षांनी ती त्या घरात शिरली ती अशी.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी मळ्यात गेलो, तर उकंड्याच्या वांग्यांत कुणीतरी वाकून तोडत होतं. जवळ गेलो, तर अक्का. डोक्यावरून पदर घट्ट बांधलेला, टोपली निम्मी भरलेली. मला म्हणाली, "सवय जात नाही रे. चांदनी दिसली की हात चालतेत."

मी बैल तिथंच सोडले आणि वाफ्याच्या बांधावर बसलो. का कुणास ठाऊक, त्या दिवशी तोंड उघडलं. म्हणालो, "अक्का, मी गाडीवरून उतरलोच नव्हतो. हाव म्हनला तं मी चाल्ला गेलो. त्याचे पाय मी पाह्यलेच नाहीत."

ती वांग्याचं देठ हातात धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, टोपली फेकून मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे तो झोपेतच होता," ती म्हणाली.

"झोपेतच."

"आन मी सात वरसं," ती म्हणाली, आणि थांबली. मग हळू म्हणाली, "माय दाराकडं पाह्यत गेली म्हनतेत."

मी रडू लागलो. ती रडली नाही. टोपली उचलून घराकडं चालू लागली, मी मागं मागं गेलो. अंगणात पुष्पाबाई सडा टाकत होती. "वन्सं, त्यायले उठवू का?" ती म्हणाली. अक्कानं मान हलवून नाही म्हटलं आणि स्वतः मधल्या खोलीत गेली. मी दारातच थांबलो. तिनं त्याचे दोन्ही घोटे धरले, पाय बाजेवरून खाली ओढले आणि जमिनीवर टेकवून तसेच दाबून धरले. "उकंड्या," ती म्हणाली, "ऊठ."

"हाव, उठलो," तो म्हणाला. ती हलली नाही. थोड्या वेळानं गोधडी बाजूला झाली आणि उकंड्यानं अंधारात तिच्याकडं पाहिलं. त्याला नीट जाग आली नव्हती.

"अक्का," तो म्हणाला, "गाडी गेली का?"

अक्का त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडली. मोठ्या बहिणीनं धाकट्याच्या पायांवर डोकं ठेवू नये, पण त्या वेळी तिला ते कोण सांगणार.

सोनाळ्याला परत जाताना ती मला म्हणाली, "मी त्याले काही सांगत नाही. तू खोटं बोलला, तूच सांग त्याले. आजच सांग."

मी म्हणालो, "हाव, अक्का."

त्यानंतर ती दर दिवाळीला येत राहिली आणि उकंड्यानं कधी विचारलं नाही की सात वर्षं का आली नव्हतीस आणि आता का येतेस. त्याला वाटलं, आई गेली म्हणून बहिणीनं त्याला माफ केलं. माफीच्या ओझ्याखाली तो आणखी वाकला. पुढं तीस वर्षं तो जगला. विहिरीवर इंजिन बसलं, मोट गेली, त्याला उठवायचं कारण उरलं नाही. तरी रोज संध्याकाळी आम्ही कुंपणापाशी बसायचो, तो तंबाखू मळायचा, निम्मी मला द्यायचा. रोज मी ठरवायचो. एखाद्या दिवशी तोंडाशी यायचं, तर तो म्हणायचा, "शालिग्राम, तू होता म्हनून माही मोट चालली." मग मी म्हणायचो, उद्या सांगू.

तो दोन दिवसांच्या तापानं गेला. मी उशाशी होतो. तेव्हाही त्याला शुद्ध होती.

दहाव्याला अक्का आली. केस सगळे पांढरे झालेत, चालताना काठी लागते. दुसऱ्या दिवशी तिला बीबीच्या गाडीवर सोडायला मीच गेलो. स्टँडवरच्या बाकड्याकडं पाहून ती थांबली. "शालिग्राम," ती म्हणाली, "तू सांगितलं होतं ना त्याले?"

"हाव, अक्का," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "मले त्याचीच काळजी होती." आणि काठी टेकत गाडीकडं चालू लागली.